डोंगरउताराच्या मातीतला ओलावा आणि दरडीचा धोका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सह्याद्रीच्या उतारावर आणि पायथ्याला वसलेल्या गावांत ओलावामापक यंत्रणा बसवू पाहणाऱ्या ग्रामपंचायती, महाविद्यालयं, स्वयंसेवी संस्था आणि रस्त्यांची कामं पाहणारे अभियंते यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. यातले आकडे बेसॉल्ट कातळावर बसलेल्या तांबड्या मातीच्या आणि मुरमाच्या एक ते तीन मीटर जाडीच्या थराला धरून दिले आहेत. तुमच्याकडचा थर वेगळा असेल तर आकडे बदलतील, पद्धत तीच राहील.

दरड पावसाने पडते. मग पाऊस मोजायचा सोडून मातीचा ओलावा का मोजायचा?

पाऊस मोजायचाच, तो सोडायचा नाही. पण १५० मिमी पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पडला आणि तेवढाच जुलैच्या शेवटी पडला, तर डोंगराच्या लेखी ते दोन पाऊस सारखे नसतात. उन्हाळ्यात भाजून निघालेल्या एक घनमीटर मातीत साधारण ०.१५ ते ०.२० घनमीटर पाणी असतं, पुरती भिजल्यावर ०.४० ते ०.४५. म्हणजे एक मीटर जाडीच्या थरात सुमारे अडीचशे मिलिमीटर पाणी मावायला जागा असते, दोन मीटरच्या थरात पाचशे. जुलै उलटेपर्यंत हीच जागा मीटरमागे वीस-तीस मिलिमीटरवर येते. त्यानंतर कोसळणाऱ्या पावसातलं जे पाणी मुरतं, त्याला साठायला जागाच नसते. ते कातळावर जाऊन तुंबतं.

माळीणची दरड ३० जुलै २०१४ ची, तळियेची २२ जुलै २०२१ ची, इर्शाळवाडीची १९ जुलै २०२३ ची. तिन्ही तारखा जुलैच्या उत्तरार्धातल्या आहेत, जमिनीने पाच-सहा आठवडे पाणी पिऊन झाल्यानंतरच्या. पाऊस सांगतो की आज किती पाणी आलं. डोंगरात आता किती जागा उरली आहे, हे ओलावा सांगतो. इशारा द्यायला दोन्ही लागतात.

पावसाचे ठरलेले उंबरठे, म्हणजे ‘एवढा पाऊस झाला की धोका’ असे आकडे, आहेत ना? ते थेट का लावू नयेत?

नेल केन या संशोधकाने १९८० साली जगभरातल्या ७३ दरडींवरून एक सूत्र मांडलं: ताशी पाऊस मिलिमीटरमध्ये = १४.८२ गुणिले कालावधीचा (तासांत) उणे ०.३९ वा घात. यात २४ तास घातले की ताशी ४.३ मिमी येतात, म्हणजे दिवसाला सुमारे १०३ मिमी. आता हा उंबरठा महाबळेश्वरला किंवा महाडच्या वरच्या घाटात लावून पाहा. तिथे पावसाळ्यात शंभर मिलिमीटरचे दिवस कितीतरी वेळा येतात. भोंगा दर आठवड्याला वाजेल आणि तिसऱ्या आठवड्यात कोणी उठून बसणार नाही. उलट २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिमी पाऊस झाला. असा दिवस ओळखायला कुठल्याच सूत्राची गरज नसते. अडचण असते ती मधल्या दिवसांची, दीडशे ते तीनशे मिलिमीटरच्या. तिथे ओलाव्याची नोंद कामाला येते.

पाण्याच्या वजनाने दरड घसरते, हे बरोबर का?

वजनाचा वाटा थोडा आहे, आणि वाढलेलं वजन मातीला खाली ओढतं तसंच कातळावर दाबूनही धरतं. खरं कारण दाबात आहे. अर्धवट ओल्या मातीत कणांच्या सांध्यांत पाण्याचे पातळ पदर असतात आणि ते कणांना एकमेकांकडे ओढून धरतात. ओल्या वाळूचा किल्ला उभा राहतो तो यामुळेच. माती भिजत गेली की ही ओढ कमी होत शून्यावर येते. त्याच्याही पुढे पाणी तुंबलं की ते कणांना आतून एकमेकांपासून दूर लोटू लागतं, कातळावर दाबून धरणारं बळ घटतं आणि घर्षण सुटतं.

आकड्यांत पाहू. उतार ३५ अंश, मातीचा थर २ मीटर, वजन घनमीटरला १८ किलोन्यूटन, चिकटपणा ५ किलोपास्कल, घर्षणकोन ३२ अंश. पाणी तुंबलेलं नसताना धरणारं बळ भागिले ओढणारं बळ हे गुणोत्तर १.१९ येतं. कातळावर अर्धा मीटर पाणी तुंबलं की १.०७. एक मीटर तुंबलं की ०.९४, म्हणजे माती जागेवर राहू शकत नाही. तोल जातो तो सुमारे ७७ सेंमी पाण्याला. कातळावर घोट्याएवढं पाणी असलं तर उतार टिकतो, कमरेच्या जवळ आलं की जातो, इतका हा फरक लहान आहे.

मग किती टक्के ओलावा म्हणजे धोका?

सगळीकडे चालेल असा एक आकडा नाही, आणि कोणी दिला तर विश्वास ठेवू नका. आधी तुमच्या मातीची सच्छिद्रता, म्हणजे घनफळातला पोकळ जागेचा वाटा, काढा. कोरडी घनता १.४ ग्रॅम प्रति घनसेंमी आणि कणांची घनता २.७ असेल तर सच्छिद्रता ०.४८. उतारावर प्रत्यक्ष ओलावा ०.४४ ते ०.४६ च्या वर सहसा जात नाही, कारण काही हवा अडकून राहते. आता सेन्सर ०.४० दाखवत असेल तर तो आकडा नुसता वाचू नका, ०.४५ शी ताडून वाचा: थर ८९ टक्के भरला आहे. सेन्सर ०.५५ दाखवत असेल तर ते तुमच्या मातीत शक्यच नाही, कॅलिब्रेशन (सेन्सरचा आकडा खऱ्या ओलाव्याशी जुळवून घेणं) चुकलं आहे.

ओलावा वजनाच्या टक्क्यांत आहे की घनफळाच्या, हे दर वेळी लिहा. वजनाने ३० टक्के म्हणजे १.४ घनतेच्या मातीत घनफळाने ४२ टक्के. या एका घोळाने चांगल्या नोंदी वाया गेलेल्या आहेत.

कोणती उपकरणं लागतात?

तीन वेगवेगळ्या गोष्टी मोजायच्या असतात आणि तीन वेगळी उपकरणं लागतात.

मातीत किती पाणी आहे, हे विद्युतधारितेवर किंवा टीडीआर पद्धतीवर (मातीतून विद्युतलहर जाऊन परत यायला लागणारा वेळ मोजून) चालणारे सेन्सर सांगतात. पाण्याचा परावैद्युतांक (विद्युतक्षेत्रात ऊर्जा साठवण्याची क्षमता दाखवणारा आकडा) ८० च्या आसपास, मातीच्या कणांचा ३ ते ५ आणि हवेचा १ असतो, त्यामुळे मिश्रणाचा आकडा मुख्यतः पाणीच ठरवतं. टीडीआर जास्त भरवशाचा आणि बराच महाग. धारितेचे चांगल्या प्रतीचे, इपॉक्सीत बंद केलेले सेन्सर उतारावर पुरतात.

पाणी मातीत किती ओढून धरलं आहे, हे टेन्सिओमीटर सांगतो: पाण्याने भरलेली नळी, टोकाला सच्छिद्र चिनीमातीचा पेला, वर दाबमापक. समुद्रसपाटीला तो उणे ८५ किलोपास्कलपर्यंत चालतो, हजार मीटर उंचीवर साधारण दहाने कमी. उन्हाळ्यात माती त्याहून कोरडी होते, नळीत हवा शिरते आणि काटा शून्यावर पडून राहतो. अजाण माणूस त्याला ‘पूर्ण ओली माती’ असं वाचतो. म्हणून नळी मेच्या अखेरीस उकळून गार केलेल्या पाण्याने पुन्हा भरायची.

कातळावर किती पाणी तुंबलं, हे पिझोमीटर सांगतो. पैशांअभावी एकच गोष्ट जास्तीची घेता येत असेल तर आमचं मत स्पष्ट आहे: सहावा ओलावा सेन्सर घेऊ नका, पहिला पिझोमीटर घ्या. माती भरली की ओलाव्याचा आकडा थांबतो आणि धोका तिथून पुढे वाढत जातो.

या तिघांबरोबर ०.२ मिमीला एकदा कलणारा पर्जन्यमापक हवाच, आणि तो त्याच उतारावर हवा. तालुक्याच्या गावचा पाऊस घाटमाथ्याला लागू पडत नाही.

शे-दीडशे रुपयांचे सेन्सर चालतील का?

दोन उघड्या धातूच्या पायांचे, रोध मोजणारे सेन्सर नकोच. विद्युतप्रवाहामुळे पाय काही आठवड्यांत गंजून जातात. काळ्या पट्टीचे धारितेचे सेन्सर शिकायला चांगले आहेत. पण त्यांच्या पट्टीच्या कडा उघड्या असतात, तिथून पाणी आत शिरतं, आणि वरचा इलेक्ट्रॉनिक भाग जमिनीबाहेर ठेवायच्या हिशेबाने बनवलेला असतो. कडांना इपॉक्सीचे दोन हात, वरच्या भागावर उष्णतेने आवळणारी नळी आणि आत इपॉक्सी, एवढं केलं तर एक हंगाम निघतो. लोकांनी घर सोडायचं की नाही हे मात्र अशा सेन्सरवर ठरवू नका. महाविद्यालयाच्या प्रकल्पाला वापरा, इशाऱ्याला नको.

उतारावर नेमकी जागा कोणती?

जिथे पाणी एकवटतं ती. सोंडेवर बसवलेला सेन्सर वर्षभर खुशाली कळवत राहील आणि शेजारची घळ वाहून जाईल. पावसाळ्यात उतार चालून पाहा (उघडीप असताना, दिवसा): झरे कुठे फुटतात, गवत ऑक्टोबरनंतरही कुठे हिरवं राहतं, झाडांचे बुंधे कुठे वाकून वर गेले आहेत. दोन सोंडांमधला खोलगट भाग, जुन्या दरडीचा माथा, रस्त्यासाठी किंवा घरासाठी तोडलेल्या उभ्या कड्याची वरची बाजू, शेतीसाठी नव्याने सपाट केलेल्या पट्टीची कड, या जागा आधी. उतार २५ अंशांच्या खाली असेल तर तो दुसऱ्या फळीत ठेवा.

एका धोकादायक उतारावर किमान तीन ठिकाणं हवीत: वर, मध्ये, खाली. एकाच खड्ड्यातल्या चार सेन्सरांवरून आख्ख्या डोंगराबद्दल बोलता येत नाही.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १:५०,००० प्रमाणावर दरडप्रवणतेचे नकाशे केले आहेत. सुरुवात त्या नकाशांपासून करा, पण तिथेच थांबू नका. इर्शाळवाडीचं नाव धोकादायक गावांच्या यादीत नव्हतं.

किती खोलीवर बसवायचे?

३० सेंमी, ६० सेंमी, १ मीटर, आणि माती-कातळाच्या सांध्याच्या १५-२० सेंमी वर. पिझोमीटर थेट सांध्यावर. आधी ऑगरने (मातीत भोक पाडायच्या गिरमिटाने) भोक घेऊन कातळ किती खाली आहे ते पाहा. जांभ्याचा गोटा लागला की ऑगर कातळासारखाच अडतो, म्हणून दोन-तीन पावलं सरकून आणखी दोन भोकं घ्या. तिन्हीत एकाच खोलीवर अडला तर कातळ.

बसवायचं कसं? इथेच सगळं चुकतं असं ऐकलं आहे.

बरोबर ऐकलं आहे. सेन्सर चांगला असून नोंदी खराब निघतात त्या बहुतेक खड्डा नीट न भरल्यामुळे. पावले अशी:

१. वेळ ऑक्टोबर-नोव्हेंबरची धरा. माती ओलसर असते, सेन्सरचे पाय सहज शिरतात आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत भराव बसायला वेळ मिळतो. एप्रिल-मे मध्ये माती विटेसारखी असते. ठोकून बसवलेल्या सेन्सरचे पाय वाकतात आणि बाजूने फट राहते.

२. साधारण ६० बाय ९० सेंमीचा खड्डा घ्या. माती वेगवेगळ्या थरांची वेगवेगळ्या ताडपत्र्यांवर काढा: वरची काळसर, मधली तांबडी, खालची मुरमाड. ताडपत्र्यांवर खोली लिहा. १.२ मीटरच्या खाली आधार न देता कोणीही उतरायचं नाही. त्याखालचं काम ऑगरने.

३. सेन्सर खड्ड्याच्या तळात नाही, चढाच्या बाजूच्या भिंतीत बसवायचे. भिंत फावड्याने घोटलेली असते, ती चाकूने दोन-तीन सेंमी खरवडून मूळची माती उघडी करा. मग सेन्सर एका दमात, आडवा, न हलवता आत दाबा. बोटांना दगड लागल्याचं जाणवलं की बाहेर काढा आणि हातभर बाजूला दुसरी जागा घ्या. त्याच भोकात पुन्हा दाबू नका. सेन्सरभोवती अर्ध्या मिलिमीटरची हवेची फट राहिली तरी आकडा खाली येतो, आणि पावसात तीच फट पाण्याने भरली की आकडा उडी मारतो.

४. पट्टीचा सेन्सर असेल तर पट्टी उभ्या कडेवर ठेवा. आडवी पडली तर तिच्यावर पाणी साचतं.

५. तार सेन्सरपासून आधी खाली घेऊन मग वर आणा, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी सेन्सरपर्यंत न पोचता वळणावरच गळेल. सगळ्या तारा एका जुडीत बांधू नका. जुडीच्या पोकळीतून पाणी नळासारखं खाली उतरतं.

६. माती काढली त्याच्या उलट क्रमाने, १० सेंमीच्या थरांत, प्रत्येक थर ठोकून भरा. काढलेली सगळी माती परत गेली पाहिजे. दोन पाट्या उरल्या तर खड्डा सैल भरला आहे, म्हणजे तुम्ही उतारावर एक विहीर करून ठेवली आहे.

७. ५० सेंमीवर १० सेंमी जाडीचा बेन्टोनाइटचा (पाण्याने फुगून फटी बुजवणाऱ्या चिकण मातीचा) थर आडवा द्या, म्हणजे वरचं पाणी भरावातून सरळ खाली जाणार नाही. माथ्यावर माती किंचित फुगीर ठेवा आणि चढाच्या बाजूला छोटा चर काढून वाहतं पाणी बाजूला वळवा.

८. जमिनीवरची आणि पहिल्या ३० सेंमीतली तार जाड एचडीपीई किंवा जीआय पाइपात. उंदीर, घुशी आणि रानडुक्करं तारा सोडत नाहीत. पाइपाची तोंडं स्टीलच्या जाळीने बंद करा.

प्रत्येक सेन्सरचा क्रमांक, खोली, बाजूच्या मातीचा नमुना आणि भिंतीचा मोजपट्टीसह फोटो जपून ठेवा. दोन वर्षांनी आकडा विचित्र दिसेल तेव्हा हाच फोटो उत्तर देतो.

कारखान्याचं कॅलिब्रेशन चालत नाही का?

तांबड्या, लोहयुक्त, चिकण मातीत त्यावर विसंबू नका. कारखान्याचं समीकरण बहुतेक साध्या खनिज मातीचं असतं. घरचं कॅलिब्रेशन दोन दिवसांचं काम आहे. त्याच खोलीची माती वाळवून, फोडून, ५ मिमीच्या चाळणीने चाळा. थोडी माती १०५ अंश सेल्सिअसला २४ तास ओव्हनमध्ये ठेवून हवेवर वाळलेल्या मातीत किती पाणी शिल्लक होतं ते काढा. समजा वजनाने ४ टक्के निघालं. उतारावरच्या मातीची कोरडी घनता १.४ असेल तर दहा लिटरच्या प्लॅस्टिक बादलीत १४ किलो कोरडी माती बसली पाहिजे, म्हणजे हवेवर वाळलेली १४.५६ किलो. तिच्यात ५६० मिली पाणी आधीच आहे. ०.१० ओलावा हवा तर एकूण एक लिटर लागेल, म्हणून ४४० मिली घाला, कालवा, रात्रभर झाकून ठेवा, सकाळी थराथराने ठोकून नेमकी दहा लिटरच्या रेषेपर्यंत बसवा आणि सेन्सर दाबून आकडा लिहा. मग ०.२०, ०.३०, ०.३५. त्याच्या वर चिखल होतो आणि घनता साधत नाही. शेवटचा बिंदू बादलीच्या तळाला भोकं पाडून, खालून हळूहळू पाणी चढवून घ्यावा. बादली धातूची नको.

पावसाळ्यात ऊन नाही. वीज कुठून?

हिशेब करून ठेवा. लॉगर (नोंदी साठवणारं यंत्र), सेन्सर आणि मोडेम मिळून सरासरी १५ मिलिअँपिअर खात असतील तर दिवसाला ३६० मिलिअँपिअर-तास. १२ व्होल्ट, १२ अँपिअर-तासाच्या बॅटरीतले निम्मे वापरायचे धरले तर १६ दिवस. घाटमाथ्यावर सलग तीन आठवडे ढग राहू शकतात, त्यामुळे बॅटरी २० ते २४ अँपिअर-तासांची आणि सौरपट्टी किमान २० वॉटची घ्या. पट्टी तिरकी लावा, सपाट पट्टीवर शेवाळ धरतं. सगळ्यात जास्त वीज मोडेम खातो, म्हणून नोंद १५ मिनिटांनी आणि पाठवणी तासाने. पाऊस तासाला १० मिमीच्या वर गेला की दोन्ही १० मिनिटांवर.

संदेशासाठी मोबाइल नेटवर्कवर एकट्यावर राहू नका. वादळी रात्री गावची वीज जाते आणि काही तासांत टॉवरची बॅटरीही संपते. लोरा या कमी विजेत दूरवर जाणाऱ्या रेडिओ पद्धतीचा ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे परवान्याशिवाय वापरता येतो. उतारावरून गावातल्या शाळेपर्यंत लोरा, आणि शाळेवर स्वतःच्या बॅटरीचा भोंगा. इंटरनेट असलं-नसलं तरी भोंगा वाजला पाहिजे.

वळवाच्या आणि परतीच्या पावसातल्या विजा लॉगर जाळतात. अर्थिंगचा गज आणि तारेवर सर्ज-रोधक लावायला विसरू नका. सेन्सर आणि लॉगर जोडणाऱ्या एसडीआय-१२ प्रकारच्या तारेची लांबी ६० मीटरच्या आत ठेवा.

आलेख कसा वाचायचा?

जून: ३० सेंमीचा सेन्सर पहिल्या मोठ्या पावसाने चढतो, एक मीटरचा काही दिवसांनी. ही उतरंड दिसली की बसवणी चांगली झाली आहे. जुलै: सगळ्या रेषा वर जाऊन सपाट होतात. सेन्सर बिघडला असं समजू नका, माती भरली आहे. इथून पुढे नजर पिझोमीटरवर आणि एका खास गोष्टीवर ठेवा: पाऊस थांबल्यावर रेष किती वेगाने उतरते. एरवी सहा-आठ तासांत खाली येणारी रेष दिवसभर तशीच राहिली तर उताराचा निचरा तुंबला आहे. ही खूण आम्ही आकड्याइतकीच महत्त्वाची मानतो.

वरचा सेन्सर शांत असताना खालचा आधी चढला तर पाणी भेगांतून, मुळांच्या वाटांनी किंवा वरच्या अंगाच्या झऱ्यातून येतं आहे. ते हलक्यात घेऊ नका. तो एकच सेन्सर पहिल्या पावसापासून असं वागत असेल तर मात्र भराव सैल आहे. रोज दुपारी फुगणारी आणि पहाटे उतरणारी लाट म्हणजे तापमानाचा परिणाम. सगळे सेन्सर एकाच मिनिटाला खाली पडले तर बॅटरी किंवा तार. आणि अंतिम इशाऱ्यासारखी एक गोष्ट: एरवी चांगला चालणारा सेन्सर पावसात एकदम कोरडा आकडा देऊ लागला, तर त्याच्याजवळ माती फाटलेली असू शकते. दुरुस्तीला वर माणूस पाठवू नका. आधी खालची घरं.

इशारा कधी द्यायचा?

पायऱ्या पावसाळ्याआधी ग्रामसभेत ठरवून फळ्यावर लिहून ठेवा. रात्री दोन वाजता कोणाला निर्णय घ्यायला लावू नका. पहिल्या हंगामासाठी एक आराखडा:

सावध: एक मीटरवरचा थर ९० टक्के भरलेला. पर्जन्यमापक दर तीन तासांनी वाचायचा, म्हातारीकोतारी, आजारी आणि गरोदर बायकांची यादी हाताशी.

तयारी: थर भरलेला, आणि २४ तासांत ११५ मिमीच्या वर पाऊस झालेला किंवा हवामान विभागाने तेवढा वर्तवलेला. उजेड असतानाच घरं रिकामी करायला सुरुवात. इर्शाळवाडीची दरड रात्री आली, लोक घरात होते, आणि वाडीपर्यंत गाडीरस्ता नसल्यामुळे मदतीला येणाऱ्यांना डोंगर चढून जावं लागलं. रात्री हलवणं हा बेत नसतो, नाइलाज असतो.

निघा: पिझोमीटरचं पाणी तोल जाण्याच्या पातळीच्या निम्म्यावर आलं (वरच्या उदाहरणात सुमारे ४० सेंमी), किंवा भेग रुंदावली, किंवा झरा एकाएकी गढूळ झाला अथवा आटला. यातलं एक पुरे. ओलावा काय म्हणतो याची वाट पाहायची नाही.

जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि आपत्कालीन ११२ हे दोन्ही क्रमांक भोंग्याच्या डब्यावर रंगवून ठेवा. तलाठी आणि तहसीलदार यांना पायऱ्यांची प्रत मे महिन्यातच द्या.

इशारा दिला आणि दरड आली नाही तर? लोकांना आलेख दाखवा, पाणी कुठवर चढलं होतं ते दाखवा. ‘खोटा ठरला’ असं म्हणून विषय मिटवला तर पुढच्या खेपेला कोणी हलणार नाही.

उपग्रहावरून ओलावा मिळतो ना?

मिळतो, पण नासाच्या स्मॅप उपग्रहाचा रेडिओमीटर वरच्या पाच सेंमीचा ओलावा कित्येक किलोमीटरच्या चौकटीत देतो. जिल्हा किती भिजला हे कळायला उपयोग होतो. तुमच्या वाडीमागची पन्नास मीटरची घळ त्यात दिसत नाही.

भारतात हे कुठे चाललं आहे?

केरळात मुन्नारला अमृता विद्यापीठाने २००९ पासून उतारात पिझोमीटर, ओलावा आणि कल मोजणाऱ्या सेन्सरांचं बिनतारी जाळं चालवलं आहे. हिमाचलात आयआयटी मंडीने कमी खर्चाची यंत्रणा रस्त्यांकडेच्या उतारांवर बसवली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं राष्ट्रीय भूस्खलन पूर्वानुमान केंद्र जुलै २०२४ मध्ये कोलकात्यात सुरू झालं. वायनाडमध्ये ह्यूम सेंटर ही संस्था लोकांकडून गावोगावच्या पर्जन्यमापकांच्या नोंदी घेते.

आमच्याकडे पैसेच नाहीत. मग?

तरी पुष्कळ करता येतं. सरळ कडांचा, १६ सेंमी व्यासाचा डबा मोकळ्या जागेत ठेवा: त्यातलं दर २० मिली पाणी म्हणजे १ मिमी पाऊस. रोज सकाळी साडेआठला वाचा, वहीत लिहा.

कातळापर्यंत ऑगरचं भोक घेऊन ३२ मिमीचा पीव्हीसी पाइप उतरवा. खालच्या ५० सेंमीला हॅकसॉने चिरा पाडा, जाळीचं कापड गुंडाळा, भोवती जाड वाळू, वर ३० सेंमी बेन्टोनाइट, मग माती. हा झाला साधा पिझोमीटर. रात्री पाणी किती चढलं होतं हे सकाळी कळावं म्हणून दोरीला दर २० सेंमीवर छोट्या उघड्या कुप्या बांधून आत सोडा. सकाळी दोरी ओढा: पाणी असलेली सगळ्यात वरची कुपी म्हणजे रात्रीची कमाल पातळी. हाँगकाँगच्या उतारांवर अशा कुप्या वर्षानुवर्षं वापरल्या गेल्या आहेत. पाइपाला टोपी हवी, नाहीतर पाऊसच कुप्या भरेल.

जुन्या भेगेच्या दोन्ही बाजूंना अर्धा मीटर सोडून लोखंडी गज ठोका आणि त्यांच्या डोक्यांवरच्या खुणांमधलं अंतर उघडिपीच्या दिवशी, दिवसा टेपने मिलिमीटरपर्यंत मोजा. नवी भेग दिसली तर पाणी आत जाऊ नये म्हणून चिकण माती दाबून वर ताडपत्री घाला, वरचं पाणी चर काढून वळवा. पण हे जूनमध्ये. भर पावसात भेगेजवळ कोणी जायचं नाही.

पावसाळा संपल्यावर काय करायचं?

ऑक्टोबरच्या शेवटी सगळ्या नोंदी उतरवून दोन ठिकाणी ठेवा आणि प्रत्येक सेन्सरचा हंगामातला कमाल आकडा वेगळा लिहा. पुढच्या वर्षी ‘९० टक्के’ कशाचे, हे त्यावरून ठरतं. सेन्सरपासून दोन मीटरवर, त्याच खोलीवरचा मातीचा नमुना कोअर-कटरने (ठरावीक घनफळाच्या लोखंडी नळीने) काढून ओव्हनमध्ये तपासा. ०.०३ पेक्षा जास्त फरक आला तर समीकरण दुरुस्त करा, सेन्सर उपटू नका. पर्जन्यमापकाचं गाळणं पानं आणि मुंग्यांनी भरलेलं असतं, ते धुवा. मोजून एक लिटर पाणी हळूहळू ओतून टोले मोजा: २०० चौरस सेंमी तोंडाच्या मापकात ५० मिमी, म्हणजे ०.२ मिमीचे २५० टोले यायला हवेत. बॅटरीचं चार्जिंग तपासा, पेटीतली सिलिका जेलची पुडी बदला, पाइपांच्या तोंडांच्या जाळ्या पाहा, भराव खचला असेल तिथे माती टाकून ठोका. हेच सगळं मेच्या तिसऱ्या आठवड्यात पुन्हा करा आणि त्या दिवशी भोंगा एकदा सगळ्या गावाला ऐकू जाईल असा वाजवून पाहा.